शर्यतीचा ट्रॅक आणि नांदेडचा रस्ता

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमधल्या फॉर्म्युला वन शर्यतीत पहिल्याच फेरीत रोमां ग्रोजाँ या चालकाची गाडी ट्रॅक सोडून लोखंडी कठड्यावर आदळली. धडकेच्या क्षणी वेग होता ताशी १९२ किलोमीटर. गाडीचे दोन तुकडे झाले आणि तिने पेट घेतला. २७ सेकंदांनी ग्रोजाँ स्वतःच्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आला. हात भाजले होते, पण जीव वाचला.

आता दुसरे चित्र. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते. हेल्मेट न घातल्यामुळे दगावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. यातले बहुतेक जण शर्यत लावत नव्हते. कुणी बाजाराला निघाले होते, कुणी कॉलेजला, कुणी सोयरिकीला. त्यांचा वेग ग्रोजाँच्या वेगाच्या पासंगालाही पुरला नसता.

मग १९२ च्या वेगात वाचतो आणि पन्नासच्या वेगात जातो, असे का होते? नशीब हे त्याचे उत्तर नाही. खरे उत्तर ट्रॅकच्या रचनेत आहे. हिंगोलीहून कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा करत नांदेडला रोज जाणाऱ्या माणसाने ते समजून घेण्यासारखे आहे.

एक मैदान, अनेक ट्रॅक

शर्यतीचे मैदान म्हणजे डांबराचे एक मोठे रिंगण, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात एकाच जागेत अनेक ट्रॅक दडलेले असतात. बहारीनच्या ज्या सर्किटवर हा अपघात झाला, त्याची मुख्य फेरी ५.४१२ किलोमीटरची आहे. पुढच्याच रविवारी त्याच मैदानावर दुसरी शर्यत झाली, ती ३.५४३ किलोमीटरच्या बाहेरच्या फेरीवर. तेच मैदान, पण वळणे कमी. एक फेरी मिनिटाच्या आत पूर्ण होऊ लागली. वळणे बदलली की गाडीचे ब्रेक, टायर आणि चालकाची मान यांच्यावरचा ताणही बदलतो.

भारतात ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे आहे. तेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा आहे, तर कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा.  महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि तेथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून सुपरक्रॉस मोटारसायकल शर्यत भरली होती.

हे तिन्ही प्रकार एकमेकांपासून फार वेगळे आहेत. सर्किटवर डांबर गुळगुळीत आणि वेग मोठा, म्हणून कडेला मोकळी जागा भरपूर लागते. कार्ट जमिनीपासून काही बोटेच वर असते. तिला सस्पेन्शन नसते आणि सीटबेल्टही नसतो. वेग त्या मानाने कमी असतो आणि कडेला टायरांच्या किंवा प्लास्टिकच्या भिंती असतात. सुपरक्रॉसमध्ये गाडी हवेत उडते. त्यामुळे तेथे खरी काळजी उतरणीची घ्यावी लागते. उडी जेथे संपते तेथे मातीला उतार दिलेला असतो. सपाट जमिनीवर आदळण्याऐवजी गाडी त्या उतारावर टेकते आणि मणक्याला बसणारा हिसका कमी होतो.

शर्यतीसाठी नसलेले ट्रॅकही असतात. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान ट्रॅकचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. ब्रेक, चढाव, ओला रस्ता, खडबडीत रस्ता, खडी अशा निरनिराळ्या परीक्षांसाठी तेथे निरनिराळे ट्रॅक आहेत. अहिल्यानगरला डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेतही चाचणीचे ट्रॅक आहेत. गाडीला रस्त्यावर जे जे भोगावे लागते, ते ते या ट्रॅकवर आधीच भोगायला लावायचे, हा त्यामागचा विचार.

वळणाचे गणित

गाडी वळते तेव्हा तिला आतल्या बाजूला ओढून धरणारे बल लागते. सपाट रस्त्यावर हे बल टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातूनच मिळते. किती बल लागेल, हे वेगाच्या वर्गावर ठरते. वेग दुप्पट झाला तर बल चौपट लागते.

समजा, एका वळणाची त्रिज्या १०० मीटर आहे. ताशी ६० किलोमीटरने त्यावरून जाताना गाडीच्या वजनाच्या साधारण २८ टक्के इतके बल बाजूने लागते. वेग ८० केला की तेच ५० टक्क्यांवर जाते. कोरडे, चांगले डांबर ७० ते ८० टक्क्यांपर्यंत पकड देते, म्हणून गाडी निभावून जाते. पावसात ही पकड ४०–५० टक्क्यांवर येते. वाळू किंवा ओला चिखल पसरलेला असेल तर त्याहून खाली जाते. म्हणजे काल ज्या वळणावरून ८० ने गाडी सहज गेली, त्याच वळणावर आज त्याच वेगाने ती घसरू शकते. चालक तोच, गाडीही तीच, फरक फक्त पकडीचा.

मराठवाड्यातली काळी माती येथे महत्त्वाची ठरते. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ही चिकण माती डांबरावर येते आणि साबणासारखा थर तयार होतो. उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊसही असाच दगा देतो. कित्येक महिने साचलेली धूळ आणि ऑइल पाण्यात मिसळून रस्त्यावर पातळ लेप बसतो. जोराच्या पावसात तो धुऊन जातो, पण पहिल्या सरीत गाड्या घसरतात त्या यामुळेच. शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र पावसाची चिन्हे दिसली की टायर बदलतात. फार पाऊस झाला तर शर्यत थांबवतात.

घर्षणावरचा भार कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे. तो म्हणजे वळणाची बाहेरची कड उंच करणे. नॅट्रॅक्सच्या अतिवेगवान ट्रॅकची वळणे इतकी कललेली आहेत की ताशी २५० किलोमीटरला चालकाला स्टिअरिंग जवळपास वळवावेच लागत नाही. मग आपल्या महामार्गांना असा उतार का देत नाहीत? कारण ट्रॅकवर सगळ्या गाड्या वेगवान असतात. रस्त्यावर त्याच वळणावरून मोटार जाते, उसाची ट्रॉली जाते आणि बैलगाडीही जाते. उतार जास्त दिला तर हळू जाणारी, उंच भरलेली गाडी आतल्या बाजूला कलंडेल. म्हणून सपाट प्रदेशातल्या रस्त्यांना हा उतार जास्तीत जास्त सात टक्के ठेवावा, असा भारतीय रस्ते काँग्रेसचा संकेत आहे. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर तेवढा उतार ताशी ३० किलोमीटरच्या वेगालाच पुरतो. त्यापुढचा सारा भार टायरवर येतो.

थांबायला जागा

शंकरपट पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट माहीत असते. बैलजोडीची धाव जेथे संपते, तेथून पुढे मोकळे रान ठेवावे लागते. जोडी रेषेवर थबकत नाही, तिला थांबायला अंतर लागते. मोटारशर्यतीत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर करतात. वळणाच्या बाहेर रुंद मोकळी जागा असते आणि तीत खडी किंवा डांबर असते. त्यापलीकडे टायरांची भिंत असते. गाडी ट्रॅक सोडणार हे गृहीतच धरलेले असते. ती कोठे आणि किती अंतरात थांबेल, एवढे आधी ठरवून ठेवतात.

कारण माणसाला वेगामुळे इजा होत नाही. इजा होते ती वेग एकाएकी संपल्यामुळे. ताशी ६० किलोमीटरचा वेग १० सेंटिमीटरमध्ये संपला, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १४० पट हिसका बसतो. तोच वेग एक मीटरमध्ये संपला तर १४ पट, आणि वीस मीटर खडीत संपला तर एक पटही नाही. झाड, पुलाचा कठडा, उभी ट्रॉली यांना धडकणे म्हणजे पहिला प्रकार. ट्रॅकवर मोकळी जागा ठेवली जाते ती तिसरा प्रकार घडावा म्हणून.

हाच वेग उंचीच्या भाषेत सांगता येतो. ताशी ४० किलोमीटरची धडक म्हणजे सुमारे सहा मीटर उंचीवरून, दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पडण्यासारखे. ६० ची धडक म्हणजे १४ मीटर, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. ८० ची धडक म्हणजे २५ मीटर, म्हणजे आठव्या मजल्यावरून. आठव्या मजल्याच्या कठड्यावर कुणी बेफिकीर उभे राहत नाही. दुचाकीवर मात्र तीच उंची दिसत नाही.

रस्त्यावर थांबण्याचे अंतर चालकालाच राखावे लागते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ८० च्या वेगात तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. नंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण ५७ मीटर. ४० च्या वेगात हेच अंतर २० मीटर भरते. ओल्या रस्त्यावर ८० ची गाडी ८० मीटरपेक्षा जास्त घेते. रात्री दुचाकीच्या डिपर उजेडात मागे दिवा नसलेली ट्रॉली कितीशा अंतरावरून दिसते, याचा ज्याने त्याने विचार करावा. हंगामात ऊस, हळद, सोयाबीन भरलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतातच. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावायला फार खर्च येत नाही, पण त्या पट्टीने दिसण्याचे अंतर कित्येक पटींनी वाढते.

डोक्यासाठी तीन सेंटिमीटर

दुचाकीस्वाराला ना मोकळी जागा असते, ना टायरांची भिंत. त्याच्या वाट्याला थांबण्याचे अंतर येते ते हेल्मेटच्या आतल्या फोममध्ये, साधारण तीन सेंटिमीटर. ते पुरते का?

गाडीवरून पडताना डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून जमिनीवर येते. उघड्या डोक्याची कवटी डांबरावर आदळली की काही मिलिमीटरमध्येच थांबते. पाच मिलिमीटर धरले तर हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट भरतो. मेंदूला कायमची इजा व्हायला तो पुरेसा आहे. हेल्मेटचा फोम तीन सेंटिमीटर चेपला, तर तोच हिसका ५० पटींवर येतो. फोम चेपला म्हणजे त्याने त्याचे काम केले. म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून कितीही चांगले दिसले, तरी पुन्हा वापरू नये.

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. मात्र हेल्मेट खरे हवे आणि पट्टा लावलेला हवा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या आपटीतच डोक्यावरून निघून जाते. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय चिन्हाचेच हेल्मेट विकता येते. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त टोप्यांत फोमऐवजी पातळ स्पंज असतो. दंड चुकवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. मागे बसलेल्यालाही हेल्मेट हवेच, कारण जमीन दोघांसाठी सारखीच कठीण असते.

फॉर्म्युला वनमध्ये चालकाचे डोके वाचवणाऱ्या वस्तू एकेक करून आल्या. १९९४ साली इमोला येथे ३० एप्रिलला रोलँड रॅट्झेनबर्गर आणि दुसऱ्याच दिवशी आयर्टन सेना यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ट्रॅक आणि गाड्या यांची रचना बदलू लागली. २००३ पासून मान सावरणारे साधन सक्तीचे झाले. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती हॅलो नावाची धातूची कमान आली. तिला कुरूप म्हणून नावे ठेवणारे कमी नव्हते आणि सुरुवातीला ग्रोजाँही त्यांच्यापैकीच होता. त्याच कमानीने त्याचे डोके कठड्यापासून वाचवले.

उन्हाचा भाग

हेल्मेट नको म्हणण्याचे सर्वांत प्रामाणिक कारण म्हणजे उकाडा. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत ते खोटे नाही. शर्यतीचे चालकही या उष्म्याशी झगडतात. आगीपासून वाचवणारा जाड पोशाख, बंद हेल्मेट आणि इंजिनाची धग यांत एका शर्यतीत दोन-तीन किलो वजन घामावाटे जाऊ शकते. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी कतारच्या शर्यतीत उष्णतेमुळे एका चालकाला शर्यत सोडावी लागली आणि दुसऱ्याला हेल्मेटमध्येच उलटी झाली. शरीरातले पाणी कमी झाले की तहान लागण्याआधीच लक्ष विचलित होऊ लागते आणि प्रतिक्रियेला उशीर होतो.

त्यावर उपाय हेल्मेट काढणे हा नाही. निघण्याआधी पाणी प्यावे. हवा खेळायला जागा असलेले, फिक्या रंगाचे हेल्मेट घ्यावे आणि आत सुती रुमाल बांधावा. लांबच्या प्रवासात तासाभराने सावलीत थांबावे. दुपारी बारा ते चार टाळता आले तर उत्तमच.

पहिली दहा मिनिटे

बहारीनमध्ये ग्रोजाँ ज्वाळांतून बाहेर येत होता तेव्हा डॉक्टर कठड्यापाशी पोहोचलेही होते. हा योगायोग नव्हता. फॉर्म्युला वनमध्ये पहिल्या फेरीला वैद्यकीय मोटार सगळ्या गाड्यांच्या मागोमाग धावते, कारण गर्दीमुळे पहिली फेरी सर्वांत धोक्याची असते. ही शिस्त ब्रिटिश मेंदूशल्यविशारद सिड वॉटकिन्स यांनी १९७८ पासून लावली. डॉक्टर आणि रुग्णवाहिका तयार नसतील तर शर्यत सुरूच होत नाही.

महामार्गावर डॉक्टर मागोमाग धावत नाहीत. तेथे पहिला मदतनीस असतो तो रस्त्यावरचा अनोळखी माणूस. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. फोन करताना गावाचे नाव, फाटा, किलोमीटरचा दगड नेमका सांगावा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. आग किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल तर मान वाकडी करून उचलू नये. हेल्मेट ओढून काढू नये. श्वास कोंडत असेल आणि काढणे भागच असेल, तर एकाने मान व जबडा दोन्ही हातांनी स्थिर धरावा आणि दुसऱ्याने हेल्मेट हळूच सरकवावे.

‘पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार?’ या भीतीने अनेक जण पुढे येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांच्या विनारोकड उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे.

हौस कोठे भागवावी

वेगाची हौस वाईट नाही. पण सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

आणि ट्रॅक म्हणजे अभयदान, असेही नाही. २०२३ या एकाच वर्षात इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दोन स्पर्धकांचा मृत्यू झाला. त्यातला एक अवघ्या १३ वर्षांचा होता. मोकळी जागा, पोशाख, डॉक्टर, सारे असूनही हे घडले. जेथे यातले काहीच नाही, तेथे मित्रांनी मोबाइलवर चित्रण करत लावलेली शर्यत किती महागात पडू शकते, हे यावरून कळावे.

रस्त्यानेही शिकावे

ग्रोजाँच्या अपघातानंतर त्याच मैदानावर सात दिवसांत दुसरी शर्यत होती. तोवर अपघाताच्या जागी कठड्यापुढे टायरांची भिंत उभी राहिली. चूक कुणाची, हा वाद चालूच राहिला, पण जागा मात्र दुरुस्त झाली.

रस्त्यासाठीही अशी पद्धत कागदावर आहे. महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत गंभीर किंवा प्राणघातक असे पाच अपघात झाले किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते आणि तिची दुरुस्ती करावी लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे हे विषय जातात. कोणत्या फाट्यावर उजेड नाही, कोणत्या वळणावर दर पावसाळ्यात चिखल येतो, हे तेथल्या गावकऱ्यांना कोणत्याही अभियंत्याआधी ठाऊक असते. ग्रामपंचायतीने, शाळेने किंवा व्यापारी मंडळाने ती जागा तारखा आणि अपघातांच्या नोंदींसह लेखी कळवली, तर तिची दखल घ्यावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. हे उलटेही खरे आहे. कळमनुरी ते हिंगोली साधारण २० किलोमीटरचा रस्ता ८० ऐवजी ६० ने कापला तर पाच मिनिटे जास्त लागतात. तेवढ्या पाच मिनिटांत धडकेची उंची आठव्या मजल्यावरून चौथ्या-पाचव्यावर येते.